गाडीत बाळाची सीट: नागपूरकर नव्या आईबाबांसाठी, बसवण्यापासून बेल्टपर्यंत

बाळाची सीट विकत घेणं अर्ध्या तासाचं काम आहे. ती गाडीत नीट बसवणं हे खरं काम, आणि नेमकं तेच बहुतेक घरांत राहून जातं. आमच्या मनीषनगरच्या सोसायटीत कुणाकडे नवी सीट आली की मला पार्किंगमध्ये बोलावणं येतं. हात लावून पाहावं तर सीट डावीकडे-उजवीकडे डोलत असते. कंपनी चांगली, पावती पाच आकडी, पण बेल्ट इतका ढिला की करकचून ब्रेक लागला तर बाळ सीटसकट पुढे जाईल. म्हणून या लेखात खरेदीपेक्षा बसवण्यावरच जास्त लिहिलं आहे.

मांडीवर घेतलं तर काय होतं?

"मी घट्ट धरून बसते नं, काही होत नाही," हे आजीचं वाक्य प्रेमाचं आहे, पण हिशेबात बसत नाही. गाडी ताशी 50 किलोमीटरने जात असताना कुठेतरी आदळली आणि एक दशांश सेकंदात थांबली, तर 10 किलोचं बाळ जवळजवळ 140 किलोच्या जोराने पुढे फेकलं जातं. म्हणजे तांदळाचे तीन कट्टे. तेवढं वजन अचानक हातात सावरणं पहिलवानालाही जमायचं नाही. त्यात मांडीवर घेणाऱ्याने स्वतः बेल्ट लावला नसेल तर त्याचं अंग बाळावर येऊन पडतं. एकच बेल्ट दोघांभोवती लावला तर आणखी वाईट, कारण मोठ्या माणसाचा सगळा भार बाळाला बेल्टवर चिरडतो.

कायद्याचंही सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीत 194ब हे कलम आलं. चौदा वर्षांखालचं मूल बेल्टमध्ये किंवा मुलांच्या सीटमध्ये बांधलेलं नसेल, तर गाडी चालवणाऱ्याला 1000 रुपये दंड आहे. चौकात यासाठी कुणी अडवेल की नाही, हा विचार बाजूला ठेवा. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेच्या आकड्यांप्रमाणे, कारमध्ये बरोबर वापरलेल्या सीटमुळे वर्षाच्या आतल्या बाळांच्या मृत्यूचा धोका सुमारे 71 टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलांचा सुमारे 54 टक्क्यांनी कमी होतो. सगळी गोम त्या ‘बरोबर वापरलेल्या’ मध्ये आहे.

कोणती सीट घ्यायची

वय विचारू नका, वजन आणि उंची बघा. दुकानदार "दोन वर्षांचा आहे का, मग ही घ्या" म्हणतो. पण आपल्याकडे दोन वर्षांचं एक मूल नऊ किलोचं असतं, तर दुसरं चौदा किलोचं.

सीटच्या मागे किंवा बुडाशी एक नारंगी स्टिकर असतं. त्यावर वर्तुळात इंग्रजी ई अक्षर आणि शेजारी देशाचा आकडा छापलेला असतो. जुन्या मानकाला आर 44 म्हणतात. त्यात वजनावर गट आहेत: जन्मापासून 13 किलोपर्यंतचा गट 0+, 9 ते 18 किलोचा गट 1, 15 ते 25 चा गट 2, आणि 22 ते 36 चा गट 3. नवं मानक आर 129, त्यातल्याच एका प्रकाराला आय-साइझ म्हणतात. ते उंचीवर चालतं आणि पंधरा महिन्यांपर्यंत बाळाला मागे तोंड करूनच बसवायला सांगतं. भारताचं स्वतःचं मानक एआयएस 072 आहे. स्टिकरच नसेल तर ती सीट कितीही गुबगुबीत दिसो, घेऊ नका. ऑनलाइन मिळणारी, कापडी पिशवीसारखी, गाडीच्या सीटला नुसती बांधायची ‘कार सीट’ तर मुळीच नको.

बाळाचं तोंड मागे का? लहान बाळाचं डोकं शरीराच्या मानाने फार मोठं असतं, आणि मानेची हाडं अजून पक्की झालेली नसतात. समोरून धडक बसली की पुढे तोंड असलेल्या बाळाचं अंग पट्ट्यांत अडकतं, पण डोकं पुढे झेपावतं आणि सगळा ताण मानेवर येतो. तोंड मागे असेल तर डोकं, मान, पाठ हे सगळं एकदम सीटच्या पाठीवर टेकतं. म्हणून सीटची मर्यादा संपेपर्यंत मुलाला मागेच तोंड करून बसवा. "पाय दुमडतात हो त्याचे" ही तक्रार घरात होणार. दुमडू द्या, मुलं मजेत मांडी घालून बसतात.

सेकंडहँड सीटबद्दल माझं मत कडक आहे. ताईच्या मुलाची, घरातली सीट असेल, ती कधी अपघातात सापडली नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक असेल आणि प्लास्टिकवर कोरलेली मुदत संपली नसेल, तर बिनधास्त वापरा. अनोळखी माणसाकडून स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका.

आणि खरेदीच्या वेळी गाडी सोबत न्या. मागे तोंड करून बसणाऱ्या काही सीटना बेल्ट लांब लागतो, आणि आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत तो अपुरा पडतो. हे घरी आल्यावर कळलं तर दुकानाची पायरी पुन्हा चढावी लागते.

गाडीची तयारी

आधी सीट कव्हर बघा. नागपुरात नवी गाडी शोरूममधून निघाली की पहिला मुक्काम कार डेकोरवाल्याकडे असतो. तिथे जाड फोमचं रेक्झिन कव्हर चढतं, मागची बकलं त्याखाली गडप होतात आणि आयसोफिक्सचे, म्हणजे बाळाची सीट बेल्टशिवाय थेट गाडीला अडकवायचे, हूकही झाकले जातात. कव्हर काढता आलं तर काढा. नाहीतर त्याच दुकानात जाऊन बकल आणि हूक यांच्यापुरतं नीट कापून घ्या. फोम जाड असेल तर सीट आज घट्ट बसेल, आणि आठवड्याभरात फोम दबला की ढिली होईल.

जागा मागच्या सीटवरची, डावी. आपल्याकडे फुटपाथ डावीकडे असतो, त्यामुळे बाळाला उतरवताना मागून येणाऱ्या ई-रिक्षाच्या वाटेत उभं राहावं लागत नाही. मधली जागा धडकेच्या दृष्टीने चांगली असते, पण बऱ्याच जुन्या गाड्यांत तिथे फक्त कमरेचा बेल्ट असतो, शिवाय बैठक मधोमध फुगलेली असते. सीट तिथे हलत असेल तर डावीच बरी.

समोरच्या सीटवर मागे तोंड असलेली बाळाची सीट कधीही ठेवू नका. एअरबॅग फुटली तर ती थेट बाळाच्या डोक्यामागच्या प्लास्टिकवर आदळते. गाडीत एअरबॅग बंद करायचं बटण असेल तर गोष्ट वेगळी, पण मागची सीट रिकामी असताना हा खटाटोप कशाला?

बेल्टने सीट बसवायची रीत

सकाळी सातला करा. एप्रिल-मे महिन्यात दुपारी पार्किंगमध्ये वाकून हे काम केलं तर निम्म्यातच चिडचिड होते, आणि चिडून बसवलेली सीट ढिलीच राहते. गाडी सपाट जागी उभी करा, बेसमेंटच्या उतारावर नको, कारण बाळाच्या सीटचा कोन जमिनीच्या मानाने मोजायचा असतो.

सीटवर बेल्टची वाट रंगाने दाखवलेली असते. मागे तोंड असेल तर निळी, पुढे तोंड असेल तर लाल. पुस्तिका उघडून तीच वाट धरा. दोन वाटांची गल्लत ही मी बघितलेली सर्वांत नेहमीची चूक आहे.

बेल्ट वाटेतून घाला, पिळ पडला नाही ना ते बोटाने चाचपून बघा, आणि बकल लावा. मग एक गुडघा बाळाच्या सीटमध्ये टेकवून अंगाचा भार टाका. छातीवरचा बेल्ट वरच्या दिशेला ओढा, म्हणजे कमरेच्या भागातला ढिलेपणा निघून जाईल. निघालेला जास्तीचा बेल्ट रिळात जाऊ द्या. सीटला बेल्ट पकडणारी क्लिप असेल तर ती आता बंद करा. ती महत्त्वाची आहे, कारण आपल्या गाड्यांचे बेल्ट सहसा फक्त झटक्यानेच अडतात. हळू ओढला तर बेल्ट सुटत राहतो आणि रोजच्या हादऱ्यांनी सीट सैल होत जाते.

आता तपासा. बेल्ट जिथून जातो तिथे, म्हणजे सीटच्या खालच्या बाजूला, दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे आणि पुढे-मागे हलवा. एक इंचाहून जास्त हलली तर पुन्हा ओढा. सीटचा वरचा भाग धरून हलवू नका. मागे तोंड असलेल्या सीटचं डोकं थोडं हलतंच, त्याची काळजी नाही.

बकल बाळाच्या सीटच्या प्लास्टिकच्या कडेवर येऊन अडकलं असेल, तर बेल्ट पक्का बसला असं वाटतं, पण धक्क्यात बकल वाकू शकतं. अशा वेळी शेजारची जागा करून बघा. आणि पुढे तोंड असलेल्या सीटला गाडीचं हेडरेस्ट मागून ढकलत असेल, तर पुस्तिका परवानगी देते का ते पाहून ते वर करा किंवा काढून डिक्कीत ठेवा.

कोन बरोबर आहे का? सीटच्या बाजूला रेघ किंवा बुडबुडा दिलेला असतो, तो बघा. बाळ झोपल्यावर हनुवटी छातीला टेकत असेल तर सीट फार उभी आहे, आणि श्वासाला अडथळा येऊ शकतो.

आयसोफिक्स असेल तर

गाडीच्या बैठकीच्या आणि पाठीच्या फटीत, दोन बाजूंना पेन्सिलीएवढ्या जाडीच्या लोखंडी कड्या असतात. बोटं आत घालून आधी त्या शोधा. बाळाच्या सीटचे दोन दांडे त्यात ढकलायचे. दोन्हीकडे ‘टक्’ आवाज आला पाहिजे आणि खूण लाल होती ती हिरवी झाली पाहिजे. मग सीट मागे दाबून बसवा आणि एकदा पुढे ओढून बघा.

इथे बहुतेकांचं काम थांबतं, पण राहिलेलं असतं. आयसोफिक्सला तिसरा आधार लागतो: एकतर वरचा पट्टा, नाहीतर पुढचा पाय. वरचा पट्टा बैठकीच्या पाठीमागे किंवा डिक्कीत असलेल्या खास कडीत अडकवून ताणायचा. सामान बांधायच्या हुकात अडकवू नका, तो एवढा भार झेलणार नाही. गाडीला सीएनजी टाकी असेल तर ही कडी टाकीआड जाऊ शकते, म्हणून सीट घेण्याआधीच डिक्की उघडून बघा. पायाचा आधार असेल तर तो गाडीच्या फरशीवर पक्का टेकला पाहिजे. फरशीखाली सामानाचा कप्पा असलेल्या गाड्यांत पाय त्या झाकणावर येतो, आणि तिथे तो ठेवायचा की नाही हे गाडीची पुस्तिका सांगते.

आयसोफिक्सलाही वजनाची मर्यादा असते. आय-साइझ सीटसाठी सीट आणि मूल मिळून 33 किलो. मूल त्यापुढे गेलं की गाडीचा बेल्ट वापरायचा.

बाळाला बांधणं

हे दर वेळी करायचं काम आहे. पाठ आणि बूड सीटला चिकटलं पाहिजे. मागे तोंड असेल तर खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून यायला हवेत, पुढे तोंड असेल तर पातळीवर किंवा किंचित वरून. बकल लावा, खालची दोरी ओढा, आणि खांद्याच्या हाडाजवळ पट्टा चिमटीत धरायचा प्रयत्न करा. पट्ट्याची घडी चिमटीत आली तर अजून ढिलं आहे. चिमटी निसटली तर बरोबर.

डिसेंबर-जानेवारीत नागपूरची सकाळ दहा अंशांच्याही खाली जाते. बाळ स्वेटर, टोपरं आणि दुपट्यात गुंडाळलेलं असतं. त्या गाठोड्यावरून पट्टा लावू नका. धक्क्यात कपडा दबतो, आणि पट्टा दोन इंच सैल असल्यासारखा होतो. पातळ कपड्यावर पट्टे आवळा, मग वरून दुपटं पांघरा. गळ्यातला ताईत किंवा चेन पट्ट्याखाली टोचते, ती काढून ठेवा. बाजारातले वेगळे उशीवाले पट्ट्याचे कव्हर आणि डोक्याचे रिंगण मात्र घेऊ नका. सीटसोबत जे आलं तेच वापरा.

बाळ रडलं की घरातलं मोठं माणूस म्हणणार, "अवो, रडून राह्यलं नं ते, घ्या ना जरा मांडीवर." यावर वाद न घालता गाडी बाजूला घ्या, बाळाला काढा, पाजा, शांत करा आणि पुन्हा बांधा. समृद्धी महामार्गावर असाल तर कडेला थांबू नका. पुढच्या थांब्यापर्यंत जाऊन पेट्रोल पंपाच्या आवारात थांबा. आमच्या घरचा नियम सोपा आहे: सगळ्यांचे बेल्ट लागल्याचा आवाज आल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. महिनाभर पोट्टं कुरकुर करतं, नंतर तेच आजोबांना टोकू लागतं.

उन्हाळा

नवतपा लागला की उन्हात उभ्या गाडीतलं बकल तव्यासारखं तापतं. बाळाला बसवण्याआधी बकल आणि पट्ट्याचा धातू तळहाताच्या मागच्या बाजूने तपासा. गाडी उभी करताना सीटवर पांढरा सुती दुपट्टा टाकून ठेवा, फरक जाणवतो. काळ्या रंगाची सीट नागपुरात घेऊ नका, असं मी सांगतो. लोक हसतात, पण मे महिन्यात फोन करतात.

आणि दोन मिनिटांसाठीसुद्धा मूल गाडीत एकटं ठेवू नका. बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत साधारण दहा अंशांनी चढतं, आणि बाळाचं अंग मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं. बाहेर 45 अंश असताना याचा अर्थ काय, ते सांगायला नको. घरी पोहोचल्यावरही झोपलेल्या बाळाला सीटमध्येच ठेवू नका, काढून सपाट अंथरुणावर निजवा. अगदी लहान बाळाला एका बैठकीत अर्ध्या तासापेक्षा जास्त बसवू नये, मोठ्या बाळासाठी दर दोन तासांनी थांबा.

मुलं मोठी झाल्यावर आणि तुम्ही स्वतः

सीटच्या पट्ट्यातून मूल वाढून निघालं की बूस्टर लागतो. त्याचं काम एवढंच की मूल उंच बसावं आणि गाडीचा बेल्ट योग्य जागी यावा. बूस्टर कमरेच्या बेल्टवर वापरायचा नाही, खांद्याचा बेल्टही हवाच. मूल बूस्टरशिवाय बसू शकतं का, हे असं बघा: पाठ टेकून बसल्यावर गुडघे बैठकीच्या कडेवर वाकतात का, कमरेचा पट्टा पोटावर न येता मांडीच्या वरच्या हाडावर येतो का, खांद्याचा पट्टा मानेला न घासता खांद्याच्या मधोमध जातो का. साधारण 145 ते 150 सेंटिमीटर उंचीनंतर हे जमतं. बऱ्याच मुलांची तेवढी उंची अकरा-बारा वर्षांनी होते, आणि आपण मात्र सहाव्या वर्षीच "मोठा झाला आता" म्हणतो.

मोठ्यांचा बेल्टही असाच. गर्भवतीने कमरेचा पट्टा पोटाखाली, ओटीपोटाच्या हाडांवर घ्यावा आणि वरचा स्तनांच्या मधून, पोटाच्या बाजूने. "पोटाला लागेल" म्हणून बेल्ट न लावणं दोघांनाही धोक्याचं आहे. बेल्ट काखेखालून घालू नका, फासळ्या मोडतात.

मागे बसणाऱ्यांनाही हेच लागू. सप्टेंबर 2022 मध्ये सायरस मिस्त्री यांचा पालघर जिल्ह्यात अपघाती मृत्यू झाला, तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. केंद्राच्या अहवालाप्रमाणे त्या एका वर्षात बेल्ट न लावलेले 16,715 लोक देशात रस्त्यावर मरण पावले, त्यातले 8,331 चालक नव्हते, गाडीतले प्रवासी होते. बेल्टची शिट्टी बंद करणाऱ्या क्लिपा डॅशबोर्डमध्ये पडलेल्या असतील तर फेकून द्या. त्या विकू नयेत म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये पाच ऑनलाइन कंपन्यांना आदेश दिला, आणि 13 हजारांहून जास्त जाहिराती उतरवाव्या लागल्या.

समृद्धीवर निघताना

शिवमडक्याहून चढलात की शिर्डीपर्यंत 520 किलोमीटर, आणि गाडीला ताशी 120 ची मुभा. वेग 60 चा 120 झाला की धडकेतली ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. म्हणून टोलच्या अलीकडेच एकदा उतरून सीट हलवून बघा, मुलाचे पट्टे आवळा, आणि मागच्या काचेजवळ ठेवलेली पाण्याची बाटली, लोखंडी डबा, संत्र्याची पेटी हे सगळं डिक्कीत टाका. 120 च्या वेगात ते मुलाच्या डोक्यावर येऊ शकतं. दरवाजाचा चाइल्ड लॉकही तेव्हाच लावा.

पण अपघात फक्त महामार्गावर होतात असं समजू नका. सीताबर्डीला कपडे घ्यायला जाताना, मेडिकल कॉलेजमध्ये लस टोचायला नेताना, रामटेकला दर्शनाला जाताना, तिन्ही वेळा नियम तोच. "थोडंच तर जाऊन राह्यलो" या वाक्याने सीट घरात पडून राहते.

टॅक्सी, ऑटो, दुचाकी

टॅक्सी बोलावताना आधीच विचारा, "भाऊ, मागचे बेल्ट सुरू आहेत नं?" उत्तर नाही असेल तर दुसरी मागवा. बेल्टने बसणारी हलकी सीट असेल तर ती कोणत्याही टॅक्सीत पाच मिनिटांत बसते, आयसोफिक्सची गरज पडत नाही. ऑटोत बेल्टच नसतो, म्हणून मुलाला मधात बसवा, कडेला नको, आणि शक्यतो लांबचा प्रवास ऑटोत करू नका.

दुचाकीवर नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला सेफ्टी हार्नेस आणि हेल्मेट लागतं, आणि वेग 40 च्या वर न्यायचा नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये निघालेला हा नियम वर्षभराने लागू झाला. नऊ महिन्यांखालच्या बाळाला दुचाकीवर नेऊच नका, हे माझं मत आहे आणि त्यात तडजोड नाही.

सीटचं कापड धुवायचं झालं तर साध्या साबणाने धुवा, पण पट्ट्यांना ब्लीच किंवा कडक साबण लावू नका, धागे कमजोर होतात. जोराचा अपघात झाला असेल तर सीट बाहेरून ठाकठीक दिसली तरी बदला. विमा कंपनीला गाडीच्या दाव्यासोबत सीटच्या भरपाईबद्दलही विचारा, आणि त्यासाठी खरेदीची पावती जपून ठेवा. मोडकी सीट भंगारवाल्याला देण्याआधी पट्टे कात्रीने कापा, म्हणजे ती उद्या दुसऱ्या कुणाच्या गाडीत जायची नाही.